बॅकअपचं सॉफ्टवेअर निवडताना आधी एक फाइल परत मिळवून बघा

माझ्या बहिणीच्या लॅपटॉपची हार्ड डिस्क एका सकाळी टकटक आवाज करत बंद पडली. ती फारशी घाबरली नव्हती, कारण दर रविवारी बॅकअप होत होता. तो मीच लावून दिला होता. एक्स्टर्नल डिस्क जोडली, प्रोग्राम उघडला. डेस्कटॉप सापडला, डॉक्युमेंट्स सापडलं. पण तिचा नऊ वर्षांचा फोटोंचा संग्रह, माझ्या भाच्यानं टाकलेल्या पहिल्या पावलांच्या व्हिडिओसकट, 'डी' ड्राइव्हवर होता आणि प्रोग्रामनं 'डी'कडे कधी पाहिलंच नव्हतं. दोन वर्षं दर रविवारी 'बॅकअप यशस्वी' असा हिरवा शेरा येत होता. तो शेरा खोटा नव्हता. जेवढं सांगितलं तेवढं प्रोग्रामनं चोख केलं होतं. आपण नक्की काय सांगितलंय, हे मात्र मी एकदाही तपासलं नव्हतं.

तेव्हापासून कुणी "सोपं बॅकअप सॉफ्टवेअर कोणतं?" असं विचारलं की नाव सांगायच्या आधी मी एकच अट घालतो. एक फाइल मुद्दाम डिलीट करा आणि ती कुणाच्याही मदतीशिवाय परत आणून दाखवा. ज्या सॉफ्टवेअरमध्ये हे जमलं, ते तुमचं. बाकीच्या सोयी, देखणे तक्ते आणि तुलनेच्या याद्या नंतर बघता येतात. त्या अटीपर्यंत कसं पोचायचं, ते पुढे क्रमानं सांगतो.

ज्याला लोक बॅकअप समजतात, पण तो नसतो

पहिली गोष्ट म्हणजे 'सी' ड्राइव्हवरची फाइल 'डी' ड्राइव्हवर कॉपी करणं. बहुतेक लॅपटॉपमध्ये 'सी' आणि 'डी' या एकाच डिस्कवर आखलेल्या दोन खोल्या असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात. चोरी झाली, पाणी सांडलं, तरी तेच. एवढ्याशा गैरसमजापायी लोकांचे प्रबंध आणि हिशेब गेलेले मी पाहिलेत.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे: सिंक. वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स यांचं मुख्य काम सगळीकडे एकसारखी प्रत ठेवणं हे आहे. संगणकावर फाइल डिलीट केली की ती क्लाउडमधूनही, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटवरच्या साठ्यातूनही जाते. चुकून अर्धा मजकूर पुसून सेव्ह केला की तीच अर्धी फाइल वर चढते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत डिलीट केलेली फाइल ३० दिवस राहते, वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यातही तेवढेच दिवस. त्या मुदतीत लक्षात आलं तर ठीक. पण चुकून उडालेला फोल्डर बऱ्याचदा सहा महिन्यांनी, गरज पडते तेव्हाच आठवतो. सिंक जरूर वापरा, मीही वापरतो. फक्त त्याच्या भरवशावर राहू नका.

बॅकअप म्हणजे वेगळ्या वस्तूवर असलेली, जुन्या तारखांच्या आवृत्त्या जपणारी आणि मूळ फाइल बिघडली तरी न बिघडणारी प्रत. सॉफ्टवेअर निवडताना या तिन्ही गोष्टी त्याच्याकडून मागायच्या.

पायरी १: काय वाचवायचं ते कागदावर लिहा

सॉफ्टवेअर शोधायच्या आधी एक कागद घ्या. संगणक आत्ता, या क्षणी बंद पडला तर कशासाठी जीव हळहळेल, ते लिहा. फोटो, व्हिडिओ, अभ्यासाच्या किंवा कामाच्या फाइल, स्कॅन केलेली कागदपत्रं. प्रत्येकासमोर ती गोष्ट कुठं आहे तेही लिहा: कोणता ड्राइव्ह, कोणता फोल्डर. बहिणीच्या वेळी मी हा कागद केला असता, तर 'डी' हे अक्षर दुसऱ्याच ओळीत आलं असतं.

ज्या गोष्टी फाइलसारख्या दिसत नाहीत त्याही आठवा. ब्राउझरचे बुकमार्क. थंडरबर्डसारख्या प्रोग्रामात साठवलेले जुने ईमेल, जे विंडोजमध्ये 'अॅपडेटा' नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात. आउटलुक आपले ईमेल ज्यात साठवतो ती पीएसटी फाइल. हिशेबाचा एखादा प्रोग्राम वापरत असाल तर तो आपली माहिती कुठं ठेवतो, हे त्याच्या सेटिंग्जमध्ये पाहून घ्या. कित्येकदा ती प्रोग्रामच्याच फोल्डरात असते आणि साधा बॅकअप तिथं पोचत नाही.

विंडोज वापरणाऱ्यांनी आणखी एक तपासणी करावी. फाइल एक्स्प्लोररमध्ये वनड्राइव्हच्या फाइलींपुढे ढगाचं चित्र असेल, तर ती फाइल तुमच्या डिस्कवर नाही, फक्त तिचं नाव दिसतंय. बॅकअप सॉफ्टवेअर अशी फाइल वगळू शकतं. महत्त्वाच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा. ढग जाऊन हिरवी खूण आली की फाइल खरोखर उतरली.

शेवटी आकार बघा. फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडलं की किती जीबी ते कळतं. सगळ्यांची बेरीज कागदाच्या तळाशी लिहा.

पायरी २: डिस्क

इथं फार विचार करायची गरज नाही. बेरजेच्या दुप्पट क्षमतेची एक्स्टर्नल डिस्क घ्या. जुन्या आवृत्त्यांना जागा लागते. अॅपलही टाइम मशीनसाठी मॅकच्या साठवणीच्या किमान दुप्पट डिस्क घ्यायला सांगतं. पेन ड्राइव्ह या कामाला नको. ते हरवतात आणि रोजच्या लिहिण्या-पुसण्याला फारसे टिकत नाहीत.

डिस्क आणि संगणकाचा पोर्ट दोन्ही यूएसबी ३ चे असू द्या. यूएसबी २ वर प्रत्यक्षात सेकंदाला ३० एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे ३०० जीबीला पावणेतीन तास. यूएसबी ३ वरची साधी हार्ड डिस्क १०० एमबीच्या वेगानं चालली तर तेच काम पाऊण-एक तासात होतं. हजारो लहान फोटो असतील तर दोन्हीकडे जास्त वेळ धरा. डिस्कवर दुसरं काही ठेवू नका. 'जागा आहे तर चित्रपट टाकू' इथूनच बॅकअपची डिस्क घरभर फिरायला लागते आणि एक दिवस कुणाच्या तरी हातून पडते.

पायरी ३: घरात आहे ते आधी वापरून बघा

नवशिक्याला माझा ठाम सल्ला आहे की बाहेरचा प्रोग्राम उतरवायच्या आधी संगणकात आलेलाच वापरून बघा. तो उद्या 'ट्रायल संपली' म्हणत नाही आणि त्याच्याबद्दल मदत मागितली तर उत्तर देणारे पुष्कळ लोक असतात.

विंडोजवर तो 'फाइल हिस्टरी'. हा विंडोज ८ बरोबर, म्हणजे २०१२ साली आला आणि विंडोज ११ मध्येही आहे. फक्त आता तो कंट्रोल पॅनेलमध्ये दडलेला आहे आणि तो मुळात बंद असतो. डिस्क जोडा, कंट्रोल पॅनेलमध्ये 'सिस्टिम अँड सिक्युरिटी', मग 'फाइल हिस्टरी' उघडा आणि 'टर्न ऑन' दाबा. तो दर तासाला बदललेल्या फाइलींची प्रत घेतो. 'अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज'मध्ये जाऊन हा काळ बदलता येतो. जुन्या आवृत्त्या किती दिवस ठेवायच्या तेही तिथंच ठरतं. मुळात तिथं 'फॉरेव्हर' असतं. डिस्क लवकर भरायची भीती असेल तर 'अन्टिल स्पेस इज नीडेड' निवडा.

आता माझी जुनी चूक टाळायची जागा. फाइल हिस्टरी मुख्यतः डेस्कटॉप आणि विंडोजच्या 'लायब्ररी' म्हणजे डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज घेते. 'डी' वरचा तुमचा फोल्डर ती आपण होऊन घेणार नाही, आणि डाउनलोड्सही गृहीत धरू नका. उपाय सोपा आहे. त्या फोल्डरवर राइट क्लिक, विंडोज ११ मध्ये 'शो मोअर ऑप्शन्स', मग 'इन्क्लूड इन लायब्ररी', आणि एखादी लायब्ररी निवडा. फोल्डर जागचा हलत नाही, फक्त यादीत येतो. नंतर पायरी १ चा कागद समोर धरून एकेक ओळ जुळवा.

फाइल हिस्टरीचा मला आवडणारा गुण वेगळाच आहे. एक्स्टर्नल डिस्क उघडून 'फाइलहिस्टरी' फोल्डरात आत आत जा. तिथं तुमच्या फाइली जशाच्या तशा दिसतात, फक्त नावाच्या शेवटी कंसात तारीख आणि वेळ जोडलेली असते. म्हणजे हे सॉफ्टवेअर उद्या नाहीसं झालं तरी दुसऱ्या कुठल्याही संगणकावर डिस्क लावून फोटो उघडता येतो. ही वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असते, त्यामुळे घड्याळाशी जुळली नाही तर गोंधळू नका.

विंडोजमध्ये 'विंडोज बॅकअप' नावाचं वेगळं अॅपही दिसेल. ते सेटिंग्ज आणि काही फोल्डर वनड्राइव्हवर पाठवतं, जिथं फुकटची जागा ५ जीबी असते. नवीन संगणक लावताना त्याचा उपयोग होतो, पण फोटोंचा मोठा साठा त्यात मावणार नाही. नावावरून फसू नका.

मॅकवर प्रश्नच मिटतो. २००७ पासून त्यात टाइम मशीन आहे आणि नवशिक्यासाठी याहून सोपं काही मी पाहिलेलं नाही. डिस्क जोडा, 'सिस्टिम सेटिंग्ज'मध्ये 'टाइम मशीन' शोधा, डिस्क निवडा. निवडलेली डिस्क मॅक आधी पूर्ण पुसून घेऊ शकतो, म्हणून ती रिकामीच असू द्या. नंतर तो गेल्या २४ तासांच्या तासातासाच्या, गेल्या महिन्याच्या रोजच्या आणि त्याआधीच्या आठवड्यागणिक प्रती ठेवतो. जागा संपली की सर्वांत जुनी प्रत काढतो. पहिला बॅकअप रात्री लावून झोपा.

लिनक्सवर 'देजा द्युप' बघा. ग्नोम डेस्कटॉप असलेल्या बऱ्याच वितरणांत तो नुसता 'बॅकअप्स' या नावानं दिसतो. कोणते फोल्डर घ्यायचे, कोणते सोडायचे आणि कुठं ठेवायचं, एवढंच तो विचारतो. लिनक्स मिंटमध्ये 'टाइमशिफ्ट' आधीपासून असतो आणि लोक त्यालाच बॅकअप समजतात. तो सिस्टिमच्या फाइली सांभाळतो. तुमचा होम फोल्डर तो मुळात घेत नाही.

बाहेरचं सॉफ्टवेअर कधी घ्यावं, आणि ते कसं पारखावं

दोन कारणांसाठी बाहेर जावं लागतं. एक, आख्खा संगणक, म्हणजे विंडोज, प्रोग्राम, सेटिंग्ज सगळं, जसंच्या तसं उभं करायचं असेल तर. याला इमेज म्हणतात. विंडोजची स्वतःची इमेजची सोय कंट्रोल पॅनेलमध्ये अजून आहे, पण मायक्रोसॉफ्टनं २०१७ मध्येच ती मावळतीच्या यादीत टाकली, म्हणून नव्यानं त्यावर विसंबू नये. वीम एजंटची विंडोजसाठीची मोफत आवृत्ती हे काम करते. 'एन्टायर कॉम्प्युटर' निवडलं की बाकी फार विचारत नाही. त्यातच पेन ड्राइव्हवर रिकव्हरी मीडिया बनवायची सोय आहे. तो लगेच बनवा. विंडोज सुरूच होत नसेल तेव्हा त्याच पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करायचा असतो. या एका कामाला पेन ड्राइव्ह चालतो.

दुसरं कारण, साध्या फोल्डरांची साधी नक्कल हवी असेल तर. फ्रीफाइलसिंक हा मुक्त स्रोत प्रोग्राम डावीकडे संगणक, उजवीकडे डिस्क दाखवतो आणि काय कुठं जाणार ते आधी पडद्यावर मांडतो. तो मला आवडतो, पण नवशिक्याला देताना मी एक सूचना करतो. त्यातल्या 'मिरर' पद्धतीत तुम्ही संगणकावर डिलीट केलेलं डिस्कवरूनही डिलीट होतं. म्हणून 'व्हर्जनिंग' चालू करा, म्हणजे काढलेल्या फाइली वेगळ्या फोल्डरात जातील. नाहीतर वर सांगितलेला सिंकचाच सापळा तुम्ही घरी बांधलात असं होईल.

इतर कुठलंही सॉफ्टवेअर समोर आलं तर मी हे प्रश्न विचारतो. जुन्या तारखेची आवृत्ती परत देतं का? बॅकअप झाला नाही तर ओरडतं का, की मुकाट बसतं? फाइली साध्या रूपात ठेवतं, की एका मोठ्या फाइलमध्ये बंद करून ठेवतं, जी फक्त त्याच्याकडूनच उघडते? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, फुकट आवृत्तीत रिस्टोअर करता, म्हणजे फाइली परत आणता येतात का? बॅकअप फुकट घेऊन रिस्टोअरला पैसे मागणारे प्रोग्राम असतात. संकटाच्या वेळी तुम्ही दुसरीकडे जाऊ शकत नाही हे त्यांना माहीत असतं, आणि हे मला सरळ अन्यायाचं वाटतं. असं दिसलं की तो प्रोग्राम तिथंच सोडा.

मोफत वस्तू बंदही पडते. मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती वर्षानुवर्षं सगळे सुचवायचे, पण तिचा आधार २०२४ च्या सुरुवातीला संपला. क्रॅशप्लॅननं घरगुती ग्राहकांची सेवा २०१८ मध्ये गुंडाळली. यात कुणाचं वाईट चिंतायचं कारण नाही. दर वर्षा-दीड वर्षानं 'आपलं सॉफ्टवेअर अजून चालू आहे ना' हे बघून घ्यायचं, एवढंच.

पायरी ४: फाइल परत आणा

ही पायरी पूर्ण होईपर्यंत तुमच्याकडे बॅकअप नाही, असंच समजा.

कागदावरच्या प्रत्येक ठिकाणी, 'डी' वरच्या फोल्डरातसुद्धा, एक छोटी टेक्स्ट फाइल बनवा. नाव द्या 'चाचणी'. आत लिहा: 'पहिली आवृत्ती'. सेव्ह करा आणि बॅकअप चालवा. फाइल हिस्टरीत त्यासाठी 'रन नाऊ' आहे, टाइम मशीनमध्ये मेनूतलं 'बॅक अप नाऊ'. आता फाइल उघडून मजकूर बदला: 'दुसरी आवृत्ती'. पुन्हा बॅकअप. मग फाइल डिलीट करा आणि रिसायकल बिनही रिकामा करा.

फाइल हिस्टरीमध्ये डावीकडे 'रिस्टोअर पर्सनल फाइल्स' दिसेल. उघडलेल्या खिडकीत तळाशी मागे-पुढे जायचे दोन बाण आणि मधोमध एक गोल बटण असतं. बाणांनी तारखा मागे सरकतात. 'पहिली आवृत्ती' असलेल्या वेळेपर्यंत जा, फाइल निवडा, पण मधलं बटण थेट दाबू नका. राइट क्लिक करून 'रिस्टोअर टू' निवडा आणि डेस्कटॉपवरच्या एखाद्या नव्या फोल्डरात ती उतरवा. सवय अशीच लावा. मूळ जागी रिस्टोअर केलं तर घाईत चांगल्या फाइलीवर जुनी फाइल बसू शकते.

उतरलेली फाइल उघडा. 'पहिली आवृत्ती' हे शब्द दिसले तर आवृत्त्या जपल्या जातात हे कळलं. मग एक मोठा व्हिडिओ आणि पन्नासेक फोटोंचा एक फोल्डर परत आणा. व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून बघा. जमलं तर डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून तिथंही हाच प्रयोग करा, कारण खरी गरज पडते तेव्हा पहिला संगणक शिल्लकच नसतो.

घरात आणखी कुणी संगणक वापरत असेल तर ही चाचणी त्यांच्याकडून करून घ्या, तुम्ही फक्त शेजारी बसा. त्यांचा हात कुठं अडखळतो ते बघा. दोनदा सांगूनही जमत नसेल, तर ते सॉफ्टवेअर तुमच्या घरासाठी सोपं नाही, मग कुणी कितीही नावाजलेलं असो.

ही काळजी फक्त नवशिक्यांसाठी नाही. प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याकडून चालू डेटाबेसच चुकून उडाला. शोधायला गेल्यावर पाच वेगवेगळ्या बॅकअप-व्यवस्थांपैकी एकही धड चालत नव्हती, हे त्यांनी स्वतः जाहीर केलं. सुमारे सहा तास आधी घेतलेल्या एका प्रतीवर त्यांचं निभावलं. व्यवस्था लावल्या होत्या, रिस्टोअर करून कुणी पाहिलं नव्हतं.

डिस्क काढून ठेवा, आणि एक प्रत घराबाहेर

बॅकअप झाला की डिस्क 'इजेक्ट' करून कपाटात ठेवा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामनं जगभरातल्या संगणकांवरच्या फाइली कुलूपबंद केल्या. असे प्रोग्राम जोडलेल्या एक्स्टर्नल डिस्कलाही सोडत नाहीत. कपाटातल्या डिस्कपर्यंत त्यांचा हात जात नाही. आठवड्यातून एक वार ठरवा आणि फोनमध्ये आठवण लावा. त्या वारी डिस्क दोनेक तास जोडा.

आग, पूर किंवा चोरी यात संगणक आणि कपाटातली डिस्क एकदमच जाऊ शकतात. पीटर क्रोग या छायाचित्रकारानं ३-२-१ हा नियम लोकप्रिय केला तो यासाठीच: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. सोपा मार्ग म्हणजे दुसरी डिस्क घेऊन ती नातेवाइकांकडे ठेवायची आणि भेटीगाठीला अदलाबदल करायची. दुसरा मार्ग बॅकब्लेझसारखी क्लाउड बॅकअप सेवा. ती निवडण्याआधी अपलोडचा वेग बघा. १० एमबीपीएस (सेकंदाला १० मेगाबिट) अपलोडवर ३०० जीबी चढायला संगणक जवळजवळ तीन दिवस अखंड चालू लागतो. सुरुवातीला मी डिस्कवरच भर देईन आणि क्लाउड महिन्याभरानं जोडेन. दोन्ही एकाच दिवशी करायला गेलेले बरेच जण दोन्ही अर्ध्यावर सोडतात.

पासवर्ड आणि चावी

डिस्क घराबाहेर जाणार असेल तर एन्क्रिप्शन लावा, म्हणजे पासवर्डशिवाय फाइली कुणाला वाचता येणार नाहीत. पण पासवर्ड विसरला तर त्या डिस्कवरच्या फाइली तुमच्यासाठीही गेल्या, टाइम मशीन असो वा दुसरं काही. पासवर्ड कागदावर लिहा आणि महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. ज्या संगणकाचा बॅकअप आहे त्याच संगणकातल्या फाइलमध्ये तो लिहून ठेवण्यात काही अर्थ नाही.

विंडोजच्या कित्येक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आधीच एन्क्रिप्ट केलेली येते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. दुरुस्तीनंतर संगणक अचानक ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आजच खातं उघडून ती शोधा आणि त्याच कागदावर उतरवा.

दर तीन महिन्यांनी 'चाचणी' फाइलीचा खेळ पुन्हा करा. नवीन फोल्डर बनवला, नवीन प्रोग्राम घेतला की पायरी १ च्या कागदावर एक ओळ वाढवा. आणि नवा संगणक घेतलात तर जुन्या बॅकअपची डिस्क लगेच पुसून नव्यासाठी वापरू नका. नव्या संगणकाचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर सुरू करा आणि जुनी डिस्क निदान वर्षभर तशीच ठेवा. बहिणीला तिच्या लेकाचा, म्हणजे माझ्या भाच्याचा तो व्हिडिओ अखेर सापडला, तो अशाच एका डिस्कवर: पाच वर्षांपूर्वी बदललेल्या तिच्या जुन्या संगणकाच्या बॅकअपच्या, जी पुसायची राहून गेली होती.